काडीला कुणी विकलं

काडीला मिस्त्रींनी विकलं, आणि तेही मुंगी घरात नसताना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मिस्त्री स्वतः ते इतक्यात कबूल करणार नाहीत.

काडी म्हणजे काही हाडामांसाचा माणूस नव्हे. कॉम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजरचा एक खेळ असतो, त्यातला तो पोरगा. या खेळात बॉलला पाय लावायचा नसतो, क्लब चालवायचा असतो. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे ठरवून बटण दाबलं की मॅच आपोआप होते, आणि मॅनेजर खुर्चीत बसून नुसता चरफडतो. दर मोसमाला क्लबमध्ये पंधरा-सोळा वर्षांची नवी पोरं येतात. कॉम्प्युटरनेच घडवलेली. त्यांना चेहरा असतो, पासिंग किती, दम किती, उडी किती असे आकडे असतात, आणि बहुतेकांचं पुढे काहीही होत नाही.

मिस्त्रींचा खरा धंदा लिफ्टचा. अडकलेली माणसं बाहेर काढायची, घासलेले ब्रेक बदलायचे, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ग्रीसने कोपरापर्यंत हात काळे करून घ्यायचे. त्या धंद्यात एक मोठी सोय आहे. लिफ्ट का बंद पडली असं कुणी विचारलं की म्हणायचं, "व्होल्टेज." कार्ड जळालं, व्होल्टेज. दार अडकलं, व्होल्टेज. मागच्या खेपेला आपणच एखादा स्क्रू कसायचा विसरलो असलो तरी व्होल्टेजच. व्होल्टेज उलटून बोलत नाही, आणि गिऱ्हाईकही मोठं काहीतरी समजल्यासारखी मान हलवतं. घरातही तो शब्द मुरला होता. कप फुटला की मुंगी तुकडे गोळा करता करता म्हणायची, "काकू, व्होल्टेज." दूध उतू गेलं की काकूही तेच म्हणायची, आणि मग कुणी कुणाला रागवायचं नाही असा रिवाज होता.

मुंगी मिस्त्रींच्या धाकट्या भावाची मुलगी. ती बोलायला लागायच्या आधीच आई गेली. वडील बोटीवर कामाला. आधी ते जवळच्या बंदरात होते, एक दिवसाआड घरी यायचे, पोरीला शेजारच्या बाई सांभाळायच्या. मग त्यांची लांबच्या जहाजावर बदली झाली आणि मुंगी काका-काकूंकडे आली. स्वतःपेक्षा मोठी बॅग पाठीवर घेऊन ती जिना चढत होती, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बघा, मुंगी साखरेचा खडा घेऊन आली," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती काकूच्या डोक्यावरून बघते, तरी मुंगीच. त्या पहिल्या दिवशी जेवताना तिने विचारलं होतं, "बाबा का गेले?" मिस्त्री घास गिळून म्हणाले होते, "कंपनीने पाठवलं गं. त्यांना विचारलंसुद्धा नाही." तिने मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मिस्त्रींना स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी शहाणी आहे, असं त्यांनी तेव्हा काकूला कौतुकाने सांगितलं.

खेळ मिस्त्रींनी आणला, पण त्यातली मेख मुंगीला आधी कळली. मिस्त्रींचा सगळा जीव वरच्या टीमवर. हरलो की लगेच दोघांना काढ, तिघांना घे. मुंगी म्हणाली, "काका, तुम्ही टीम बदलता, कुणाला मोठं होऊच देत नाही." मग वाटणी झाली. वरची टीम काकांची, पोरं मुंगीची. दोन नियम ठरले. एक, झालेली मॅच पुसून जुन्या जागेवरून पुन्हा सुरू करायचं नाही, झालं ते झालं. आणि दुसरा, पोरांच्या बाबतीत काही करायचं तर मुंगीला विचारून.

काडी आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. लांबच लांब गोलकीपर, अंगावर मांस नाही, म्हणून काडी. खेळातल्या प्रशिक्षकाचा निरोप आला की याला सोडून द्या, याच्यात दम नाही. मुंगी म्हणाली, "राहू दे." तिने त्याला म्हाताऱ्या कॅप्टनच्या संगतीत घातलं, कारण जुन्या खेळाडूच्या सोबतीने पोराचा स्वभाव घडतो. व्यायाम हळूहळू वाढवला. मिस्त्री म्हणायचे, "उतरव गं त्याला मैदानात," आणि ती म्हणायची, "अजून नाही. आत्ता चार गोल खाल्ले तर मोडेल तो." पुढच्या मोसमात तिने त्याला एका खालच्या क्लबला लोनवर दिलं, म्हणजे उधार. पोरगा आपलाच राहतो, पण तिकडे रोज खेळायला मिळतं. त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीतून ओरडली, "काडीचं लोन झालं!" आणि काकू ओल्या हातांनी धावत आली, "कसलं लोन? कुणी काढलं? मला न विचारता?" दोघं हसून हसून आडवी झाली. काकू काडीवर कायमची नाराज झाली.

काडी लोनवरून परत आला तो वेगळाच होऊन. हाताला पकड, उडी अगदी वेळेवर. मुंगी त्याची मॅच उभ्याने बघायची. तिने एवढं मन कशात लावलेलं मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं, शाळेत तर नाहीच.

मग शाळेची सहल निघाली. दारातून बाहेर पडताना ती म्हणाली, "काका, खेळायचं तर खेळा, पण पोरांना हात लावू नका हं."

"मी कशाला लावतोय," मिस्त्री म्हणाले, आणि त्या क्षणी ते मनापासून बोलत होते.

घर सुनं होतं म्हणून ते खेळायला बसले. पहिली मॅच हरले, दुसरी हरले, तिसरीत तर नाकच कापलं गेलं. क्लबच्या बोर्डाचा निरोप आला की आम्ही नाराज आहोत. आता हे बोर्ड कुठलं, कुणाचं, त्याला तोंड ना नाक. पण इतकी वर्षं लोकांच्या लिफ्टमध्ये जीव धोक्यात घालणारे मिस्त्री त्या निरोपाला घाबरले. नेमकं तेव्हाच एका बड्या क्लबने काडीला मागितलं. त्या पैशांत गोल करणारा एक तयार स्ट्रायकर येत होता. पडद्यावर दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य. कुणी त्यांचा हात धरून दाबायला लावलं नाही. मिस्त्रींनी मान्य दाबलं, आणि दाबताना त्यांना बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

स्ट्रायकर आला, पहिल्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू धरून खाली बसला आणि मोसमभर उठला नाही.

मिस्त्री त्या पडद्याकडे बघत राहिले. निरोपांच्या पेटीत सर्वांत वर होतं, "तुमच्या मान्यतेने खेळाडूची विक्री पूर्ण झाली." नियमाप्रमाणे मागे जायची सोय नव्हती. तो नियम त्यांनीच मोठ्या तोऱ्यात केला होता. मग त्यांनी तो निरोप पुसून टाकला.

मुंगी सहलीवरून आली, चिखलाचे बूट दारात टाकले, आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "काडी कसा आहे?"

"काडी गेला."

"कुठे गेला?"

"मोठ्या क्लबने उचललं त्याला."

"तुम्ही विकलात?"

इथे 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मिस्त्रींची जीभ इतक्या वर्षांच्या सवयीने दुसरीकडे वळली. "छे गं. करारात कलम असतं ना, अमुक एवढी किंमत दिली की सोडावंच लागतं म्हणून? ते होतं त्याच्या करारात. कॉम्प्युटरनेच विकला. मला विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी तयारी केली होती ती भांडणाची. तिने आदळआपट केली असती, दोन दिवस अबोला धरला असता, तर त्यांनी ते आनंदाने सोसलं असतं. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "करार मीच केला होता."

मिस्त्री वाकून तिचे चिखलाचे बूट सरळ करायला लागले.

"म्हणजे ते कलम मीच ठेवलं असणार. नीट वाचलंच नाही मी." तिने खालचा ओठ दाताखाली धरला. "सॉरी, काका. माझ्यामुळे गेला."

"जाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "होतं असं एखाद्या वेळी."

होय, त्यांनी तिला चक्क माफ केलं. वर तिच्या डोक्यावर हातही फिरवला. व्होल्टेजचं नाव घेतलं की दोष हवेत विरून जातो, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. दोष हवेत विरत नाही, जवळ जो उभा असेल त्याच्या अंगावर पडतो, हे त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी ते गप्प बसले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी उगाच हत्यारांची पिशवी उपसली आणि पुन्हा भरली. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बड्या क्लबने काडीला बाकावर बसवून ठेवलं. मुंगी रोज शाळेतून आल्यावर त्याचं पान उघडायची. न खेळल्याने त्याचे आकडे घसरायला लागले होते. "उडी कमी झाली त्याची," ती म्हणायची, कुणाला दोष न देता, आणि मिस्त्री चहाचा कप तसाच ठेवून उठायचे. ती आंघोळीला गेलेली असताना त्यांनी काडीला परत मागून पाहिलं. क्लबने नकार दिला, आणि खेळाडूच्या नावाखाली ओळ आली की या मॅनेजरकडे परतण्याची त्याची इच्छा नाही. मिस्त्रींनी घाईघाईने ते पान बंद केलं. कॉम्प्युटरने घडवलेल्या पोरासमोरसुद्धा त्यांना तोंड वर करता आलं नाही.

त्याहून वाईट वेगळंच होतं. मुंगी सगळं दोनदा वाचायला लागली. नव्या पोराचा करार आला की काकांना हाक मारायची, "हे बरोबर आहे ना? मी काही सोडलं नाही ना?" शाळेचा निरोप, औषधाची बाटली, काहीही. काकू म्हणाली, "अहो, पोरीला झालंय काय? साबण आणायला पाठवली तर दुकानात उभी राहून वेष्टन वाचत होती." मिस्त्री म्हणाले, "अभ्यासाचा ताण असेल." खोटं एकदा घरात शिरलं की त्याला खायला घालत राहावं लागतं.

आणि एका संध्याकाळी मुंगीने माऊस त्यांच्याकडे सरकवला. "पोरं आता तुम्हीच बघा, काका. मला नाही जमत."

"अगं, जमतंय की."

"नाही. मी काहीतरी घाण करते. दर वेळी."

'दर वेळी' का म्हणाली, असं मिस्त्रींच्या मनात आलं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक म्हातारी बाई, हातात काठी. मिस्त्रींनी वर जाऊन ब्रेक सोडला, हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली, दार उघडलं. बाई घामाघूम झाल्या होत्या. म्हणाल्या, "मी चुकीचं बटण दाबलं का हो? मला डोळ्यांना नीट दिसत नाही."

इमारतीचा मॅनेजर बाजूलाच उभा होता. "व्होल्टेज ना, मिस्त्री?"

दाराच्या वरचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार लागल्याचं लिफ्टला कळवणारा स्विच, ढिला होता. मागच्या महिन्यात तो मिस्त्रींनीच बसवला होता, जेवायच्या घाईत. ते बाईंकडे बघून म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, आजी. माझं चुकलं. मी नीट कसलं नव्हतं."

मॅनेजर गोंधळला. "म्हणजे व्होल्टेज नाही?"

"नाही. मी."

"पण मी वर काय सांगू?" मॅनेजर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला असं उत्तर कधी मिळालंच नव्हतं.

जिना उतरताना मिस्त्रींना हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. परक्या बाईपुढे जे दोन वाक्यांत जमलं ते घरात इतके दिवस जमलं नाही, याची लाज उलट वाढली. ते दुसऱ्या कामावर गेले नाहीत, सरळ घरी आले. मुंगी शाळेतून येऊन टेबलापाशी बसली होती. काकू आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

मिस्त्री बूट न काढताच बसले. "काडीला मी विकलं," ते म्हणाले.

मुंगीने मान वर केली.

"कलम-बिलम काही नव्हतं. तुझा करार बरोबर होता. त्यांनी मागितला, मला विचारलं, मी मान्य दाबलं. घाबरलो मी, टीम हरत होती म्हणून. मग निरोप पुसला आणि तुझ्यावर ढकललं. म्हणजे ढकललं नाही, पण तू घेतलंस तर घेऊ दिलं. ते जास्त वाईट. फार लाज वाटते मला, मुंगी."

ती रडली नाही. चिडलीही नाही. वहीच्या पानाचा कोपरा दुमडत बसली. मग म्हणाली, "काका, मग बाबांचं?"

"बाबांचं काय?"

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात. कंपनीने पाठवलं, त्यांना विचारलंसुद्धा नाही. अगदी हेच."

मिस्त्रींना आपलं वाक्य आपल्या कानांनी ऐकू आलं. खरं तर ते त्यांना काडीच्या वेळीच ऐकू यायला हवं होतं.

कंपनीने विचारलं होतं. जवळचं बंदर की लांबचं जहाज, असं दोन्ही समोर ठेवलं होतं. भाऊ याच टेबलाशी बसला होता, चहा गार होत होता, आणि तो म्हणाला होता, "दादा, नको म्हणू का? पोर लहान आहे." मुंगी आत झोपली होती. काकू दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती, आणि मिस्त्री काकूकडे. ते म्हणाले होते, "जा तू. असा चान्स पुन्हा येत नाही. पोरगी राहील आमच्याकडे." भावाने पुन्हा एकदा विचारलं, "खरंच जाऊ?" मिस्त्री पुन्हा एकदा म्हणाले, "जा." भावाचं भलं व्हावं असं त्यांना वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण घरात एक मूल यावं असं त्याहून जास्त वाटत होतं.

हे सगळं त्यांनी मुंगीला सांगितलं. सांगताना काही गाळलं नाही. आत घड्या घालायचा आवाज थांबला होता.

"म्हणजे बाबांना जायचं नव्हतं," मुंगी म्हणाली.

"त्याचं मन नव्हतं. मी पाठवलं त्याला."

"मला वाटायचं, मीच काहीतरी केलं असणार." हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू शाळेत काय झालं ते सांगतेय. "शेजारच्या बाई सांभाळायच्या ना मला, त्यांना मी फार छळायचे. वाटायचं, त्यांनी बाबांना सांगितलं असेल."

मिस्त्रींनी तोंडावर हात घेतला. इतकी वर्षं ही पोरगी त्यांच्या ताटाशेजारी जेवली, त्यांच्या खांद्यावर झोपली, आणि हे पोटात घेऊन बसली होती. आणि ते तिला शहाणी म्हणत होते.

"आणि मला?" मुंगीने विचारलं. "मला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग आता विचारा."

मिस्त्रींनी खुर्ची तिच्याकडे वळवली. बरीच वर्षं उशीर झालेला प्रश्न होता आणि उत्तर काय येईल याची त्यांना खरोखर भीती वाटत होती. बोर्डाची वाटली होती तसली नव्हे. "मुंगी," ते म्हणाले, "तुला इथे राहायचंय का? आमच्याकडे?"

मग तिने माऊस आपल्याकडे ओढला आणि खेळ उघडला. नव्या मोसमाची पोरं आलेली होती, सगळी काटकुळी, कुणाच्यात काही दिसत नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. "आधी बाबांशी बोलते. मग सांगते."

यावर मिस्त्रींना काही बोलायचा हक्क नव्हता. आतून काकूचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "अहो, काय झालं?"

'काही नाही' म्हणायला मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते उठले, बूट काढले आणि काकूला सांगायला आत गेले.